अठ्ठावन्न नंबरचा बिल्ला

तलावाच्या काठी लोकांनी यावं, गाळ उपसावा, माजलेली पाणकणसं कापावीत आणि हे सगळं आनंदाने, फुकट करावं, अशी आमच्या तलाव संवर्धन समितीची जुनी इच्छा आहे. लोकांची इच्छा जरा वेगळी असते. दर रविवारी सकाळी आम्ही काठावर विळे मांडून बसायचो आणि पाच जण यायचे. त्यांतले दोघे फिरायला निघालेले असायचे. इकडून हमरस्त्याला जाता येतं का, एवढंच त्यांना विचारायचं असायचं. शेवटी समितीच्या साहेबांनी मौजदिनाची कल्पना काढली. पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच, आइस्क्रीम. लोकांना आधी हसवायचं, आणि ते बेसावध झाले की हळूच हातात विळा द्यायचा.

मी या समितीचा स्वयंसेवक समन्वयक. स्वयंसेवक आले तर त्यांना गमबूट द्यायचे आणि नाही आले तर का नाही आले ते लिहून वर पाठवायचं, हे माझं काम. त्यातल्या दुसऱ्या भागाचा सराव जास्त. स्वभावाने मी भित्रा आहे. हे मी नम्रपणे सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं, आणि माझं नाव ससोबा तिनेच ठेवलं. तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि घरातल्या घरात जिना उतरायला घाबरायचो. आता डोक्यावर केस उरले नाहीत, ससोबा उरला आहे.

भित्र्या माणसाचा एक उपयोग असतो. जे वाईट अजून घडलेलं नाही ते त्याला आधी दिसतं. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त मास्तर पाणकणसांच्या रानात शिरले आणि अडीच तासांनी पलीकडच्या अंगाला, चष्म्याविना, उगवले. दोन पुरुष उंचीचं ते रान. आत शिरलेला माणूस चार पावलांवर दिसेनासा होतो. त्या अडीच तासांत मी जेवढा घाबरलो त्यातून आमचा फलक जन्माला आला.

फळ्यांची वाट जिथे रानात शिरते तिथे तो उभा आहे. डावी बाजू ‘बाहेर’, उजवी बाजू ‘आत’. दोन्हीकडे शंभर-शंभर खिळे. नोंदणी झालेल्या प्रत्येक स्वयंसेवकाचा एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर त्याचा नंबर. आत जाताना आपला बिल्ला आपण उजवीकडे न्यायचा, बाहेर आलं की परत डावीकडे आणायचा. वर मी स्वतः रंगवलेलं वाक्य आहे: ‘फलक खोटं बोलत नाही.’ साहेबांना ते इतकं आवडलं की पुढच्या बैठकीपासून ते त्यांचं झालं.

या फलकाला सगळ्यात जास्त मानायचा तो आमचा पाटकरी. तलावातून रानात पाणी सोडणारं एक लोखंडी दार आहे, त्याचं चाक फिरवणारा माणूस. साठीला आलेला, बोलायला महाग. सगळे त्याला मामा म्हणतात. रान कापायचं असलं की दोन दिवस आधी मामा दार बंद करून रान निथळवतो आणि काम संपलं की पुन्हा पाणी सोडतो. पाणी सुटलं की रानाच्या खोलगट टोकाला दहा-पंधरा मिनिटांत छातीएवढं चढतं. म्हणून मी मामाला पढवून ठेवलं होतं, की उजवी बाजू रिकामी झाल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही; साहेब सांगोत नाहीतर मी सांगो, माणसाचं ऐकायचं नाही, फलकाचं ऐकायचं. मामाने मान हलवली होती आणि तेव्हापासून तो खरोखरच माणसांचं ऐकेनासा झाला होता.

नोंदणीच्या यादीत शंभर नावं भरायची होती, तेव्हा मी घरच्यांचीही नावं घातली होती. बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. आत्याने मात्र विळ्याला धार लावून घेतली. तिचा नंबर अठ्ठावन्न. वय बाहत्तर, डावा पाय मोडल्यापासून बोटभर आखूड, आणि आजवर एकही रविवार चुकवलेला नाही. खरं सांगायचं तर आमची चळवळ म्हणजे आत्या आणि तिच्या मागे उभे असलेले नव्व्याण्णव बिल्ले. मौजदिनाच्या सकाळी मात्र तिने गुडघा धरला आणि म्हणाली, तुमचा बाजा बंद झाला की मला सांग, तेव्हा येईन. मला बरंच वाटलं. तिची एक काळजी कमी झाली.

मैदानावर दुपारपर्यंत तीनेकशे माणसं जमली. रान कापायला त्यांतली सव्वीस आली. उरलेल्यांनी पोत्यात पाय घातले. दोन वाजता साहेब माझ्याजवळ आले आणि मैदानावरच्या कापडी फलकाकडे बघत राहिले. त्यावर लिहिलं होतं: ‘तलावासाठी शंभर जण.’ मग त्यांनी सांगितलं, की तीन वाजता प्रमुख पाहुण्यांचा फोटो त्या बिल्ल्यांच्या फलकासमोर घ्यायचा आहे आणि उजवी बाजू अशी मोकळी-मोकळी दिसली तर बरं दिसणार नाही. बिल्ले हलवा असं ते म्हणाले नाहीत. साहेब असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणाले, “तुम्ही समजदार आहात.”

मी समजदार नाही, भित्रा आहे. दोन्हींचा परिणाम वरून सारखाच दिसतो. पावणेतीनला फलकापाशी कोणी नव्हतं. आत गेलेल्या सव्वीस जणांचे नंबर मी तळहातावर बॉलपेनने लिहून घेतले, म्हणजे नंतर घोळ नको, आणि बाकीचे चौऱ्याहत्तर बिल्ले डावीकडून उजवीकडे नेले. घामेजलेल्या बोटांना पत्रा चिकटत होता. मनाशी म्हणत होतो, पाच मिनिटांचं काम आहे, फोटो झाला की परत.

फोटोवाला पोत्यांच्या शर्यतीत अडकला होता. म्हणजे तो स्वतः पळत होता. त्याला शोधून, तोंड धुऊन आणेपर्यंत तीन वाजून वीस मिनिटं झाली. फोटो झाला. पाहुण्यांनी उजवीकडच्या शंभर बिल्ल्यांकडे बोट दाखवलं, साहेबांनी त्या बोटाकडे बघून स्मित केलं. सगळे पांगल्यावर मी तळहात उघडला, सव्वीस नंबर जागेवर ठेवले आणि बाकीचे चौऱ्याहत्तर पुन्हा डावीकडे आणले. एकही चुकला नाही. दोनदा ताडून पाहिलं. मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला, आणि माणसाला असा अभिमान वाटला की काहीतरी व्हायचं असतं.

साडेचारला ते सव्वीस जण चिखलाने माखून, एकमेकांना कोपरखळ्या मारत बाहेर आले. एकेकाने आपापला बिल्ला डावीकडे नेला. उजवी बाजू रिकामी झाली. माइकवरून जाहीर झालं, की सर्व शंभर स्वयंसेवक सुखरूप बाहेर आले असून ठीक पाच वाजता प्रमुख पाहुणे बटण दाबून पाणी सोडतील. ते बटण कशालाही जोडलेलं नव्हतं. पाहुण्यांनी बटण दाबलं की साहेब हिरवा रुमाल हलवणार आणि मामा चाक फिरवणार, असं ठरलं होतं.

फलकाजवळच्या टपरीवजा खोक्यावर मी गमबूट गोळा करायला गेलो. गमबूट घालताना लोक आपल्या चपला तिथेच एका फळीवर काढून ठेवतात. तीस जोड्या गमबूट आणले होते. शिपायाने मोजून सांगितलं, एक जोडी कमी आहे. त्याचं मला काही वाटलं नाही. दर कार्यक्रमाला एखाद्या जोडीला पाय फुटतातच. मग मी फळीकडे बघितलं.

फळीवर चपलांचा एकच जोड होता. तपकिरी, बायकी. डाव्या चपलेला खालून अर्धा इंच जास्तीचा रबर लावलेला.

असा जोड जगात एकच आहे. तो रबर मीच चांभाराकडे नेऊन लावून आणला होता.

मी तो हातात घेतला. आतून थंड होता. पहिला विचार असा आला, की आत्या आली असेल आणि अनवाणी घरी गेली असेल. बाहत्तर वर्षांची, मोडक्या पायाची बाई खडीच्या रस्त्याने दोन मैल अनवाणी का जाईल, हे मी त्या विचाराला विचारलं नाही. भीती माणसाला काहीही पटवून देते. मी खिशातून फोन काढला आणि तिला लावला.

फोन वाजला. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, खुंटीला लावलेल्या कापडी पिशवीत. पिशवीत फोन होता, पाण्याची अर्धी बाटली होती आणि गुडघ्याला लावायचं मलम होतं. विळा नव्हता.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं, जसं न घडलेलं मला नेहमी दिसतं. फरक इतकाच की हे घडून गेलेलं होतं. मी फोटोवाल्याला शोधत असताना ती आली. खोक्यावर कोणी नव्हतं, तिने स्वतःच गमबूट घेतले. फलकापाशी उभी राहिली आणि आपला बिल्ला डावीकडे शोधला. तो उजवीकडे होता. ती आत गेली. आणि मग मी आलो, तळहात उघडला, अठ्ठावन्न त्यात नव्हता, आणि माझ्या या हाताने मी तिला बाहेर काढलं. फलकावर.

घड्याळात चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

लिंबू-चमच्याच्या टेबलावर बायको होती. तिला मी विचारलं, आत्या दिसली का. ती म्हणाली, त्या यायच्या नव्हत्या ना. आणि मग माझ्या हातातल्या चपलांकडे बघून चमचे मोजायची थांबली. मी रानाकडे पळालो.

फळ्यांची वाट रानात तीन फाट्यांनी जाते. पहिल्या फाट्यापर्यंत मी हाका मारत गेलो. मागे मैदानावर कर्णे असे वाजत होते की माझी हाक माझ्याच कानापर्यंत येत नव्हती. दोन्ही बाजूंना पाती उभी, वर आकाशाची एक चिंधी. पात्यांमध्ये काहीतरी हललं, मी थबकलो, पाणकोंबडी होती. डावीकडचा फाटा पाहिला, रिकामा. मधल्या फाट्यावर निम्म्यात आलो आणि थांबलो, कारण माझ्या लक्षात आलं, की मी आत येताना स्वतःचा बिल्ला हलवला नाही. उजवी बाजू रिकामीच आहे. पाच वाजता मामा फलकाकडे बघेल आणि दोघांवरही पाणी सोडेल. ज्याने नियम केला तो नियम मोडून आत, आणि जिने पाळला तीही आत. पुढे जावं तर वेळ नाही, मागे जावं तर ती इथेच. मी मागे फिरलो. मी पळत होतो तेव्हा ती माझ्यापासून किती जवळ होती हे मला आजही कळलेलं नाही.

फलकापाशी आलो तेव्हा चार पन्नास झाले होते. आणि तिथे मला सुटका दिसली. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. मी अठ्ठावन्न नंबर डावीकडून काढला आणि उजवीकडे लावला. मामा दाराच्या ओट्यावर उभा होता. मी खालूनच म्हणालो, “मामा, एक आत आहे.”

त्याने फलकाकडे पाहिलं. “दिसतंय,” म्हणाला, आणि चाकावरचा हात काढून विडीला घातला.

मला इतकं हायसं वाटलं की मी फलकाला टेकलो. दिवसभरात हलवलेल्या बिल्ल्यांमध्ये तो एकच खरा होता, आणि तो काम करत होता. आता दोन माणसं आत पाठवायची, आत्याला आणायचं, आणि या सगळ्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण माझ्या बाबतीत गोट्याचा नेम चुकला होता.

तेवढ्यात साहेब आले. पाहुणे व्यासपीठावर ताटकळले होते, बटणावर बोट ठेवून. साहेबांनी उजवीकडचा तो एकटा बिल्ला पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी आत्या आत आहे. कशावरून, म्हणाले. मी चपला दाखवल्या.

साहेबांनी चपलांकडे जितक्या कौतुकाने पाहता येईल तितक्या कौतुकाने पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

“अहो, चपला म्हणजे माणूस नव्हे. दरवेळी चार जोड राहतात. आणि हा बिल्ला... तुमच्या त्या दुपारच्या चौऱ्याहत्तरांतला राहून गेला असेल एखादा.”

“नाही साहेब. तो मी आत्ता लावला.”

“तेच म्हणतोय मी. तुम्हीच लावला.” ते हसले. “सर्व शंभर बाहेर आले म्हणून जाहीर झालंय. एकशे एकावा कुठून आणायचा? उद्या कोणी विचारलं की हा कोण, तर सगळ्यांचंच विचारतील.”

आणि त्यांनी दोन बोटांनी अठ्ठावन्न नंबर उजवीकडून उचलला, डावीकडे लावला, वळले आणि व्यासपीठाच्या दिशेने हिरवा रुमाल हलवला.

इथे मी काय केलं ते लिहायला मला बरेच दिवस लागले. मी काही केलं नाही. मी उभा राहिलो. साहेबांचा मला धाक होता, तो बावीस वर्षांचा होता, रोज सकाळी दहा वाजता ताजा होत आलेला. माइकवरून उलटी मोजणी सुरू झाली, तीनशे माणसं मोजत होती. मामाने फलकाकडे पाहिलं. उजवी बाजू रिकामी होती. त्याने विडी कानावर ठेवली आणि चाक धरलं.

चाक करकरलं. एक फेरा. दुसरा. दाराखालून पाण्याचा आवाज आला, कोणी कापड फाडावं तसा. मैदानावर टाळ्या पडल्या.

तिसऱ्या फेऱ्याला माझे पाय माझ्याआधी निघाले. मी ओट्याच्या पायऱ्या चढलो आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही; फलकाकडे पाहिलं.

“सोडा,” तो म्हणाला. “रिकामा आहे.”

“मामा, फलक खोटा आहे.”

“तो खोटं बोलत नाही. तुम्हीच लिहिलंय.”

“मीच खोटा केला. दुपारी फोटोसाठी. सव्वीस माणसं होती, मी शंभर लावली. आत्याने तिचा बिल्ला आत बघितला आणि ती गेली, आणि मग मी तो काढला.”

हे मी हळू बोलायचं ठरवलं होतं. पण भीतीला आवाजाचा अंदाज नसतो. ओट्याखाली चिखलाने माखलेले ते सव्वीस जण आइस्क्रीम खात उभे होते. त्यांचे चमचे थांबले. साहेबांचा हिरवा रुमाल हवेतच राहिला.

मामाने चाक उलटं फिरवायला घेतलं. फिरवता फिरवता त्याने विचारलं, “मग आत किती आहेत?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ती दुपारची सगळ्यात मोठी भीती तेव्हा आली. तीन वीसपर्यंत फलक शंभर दाखवत होता. त्या वेळात जो कोणी आला असेल त्याला आपला बिल्ला आत दिसला असेल. मी चपला एकीच्याच पाहिल्या होत्या. कोणी घरूनच बूट घालून आलं असेल तर?

“माहीत नाही,” मी म्हणालो.

मामाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा मला शिवी परवडली असती, पण त्याने शिवी दिली नाही. दार बसलं. पाण्याचा आवाज थांबला. जेवढं आत गेलं होतं ते मात्र आतच होतं, आणि ते आपोआप खोलगट टोकाकडे चाललं होतं.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात फार नाही. त्या सव्वीस जणांनी आइस्क्रीमचे कप जमिनीवर ठेवले आणि कोणी न सांगता फलकापाशी रांग लावली. एकेकाने आपला बिल्ला उजवीकडे नेला आणि आत शिरला. मामाचा बिल्ला नव्हता. त्याने कानावरची विडी काढून उजवीकडच्या खिळ्याच्या मागे खोचली. बायको कुठूनशी आली, तिने माझा बिल्ला माझ्या हातात दिला, आणि मी तो लावेपर्यंत हलली नाही. मग तिने कर्णेवाल्याकडे जाऊन वायर उपटली. रानात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत पाणी पात्यांमधून सरपटत चाललेलं ऐकू येत होतं. ते माझ्या पुढे होतं.

आत्या उजव्या फाट्याच्या टोकाला सापडली. कापलेल्या पाणकणसांचा कमरेइतका ढीग तिथे रचून ठेवला होता, नीट, बुडखे एका बाजूला. सव्वीस जणांनी मिळून तेवढं कापलं नव्हतं. ढिगाच्या पलीकडे ती चिखलात बसलेली होती. आखूड पाय मांडीपर्यंत गाळात रुतला होता, आणि पाणी तिच्या छातीखाली आलं होतं. विळा तिने डोक्यावर धरला होता, गंजू नये म्हणून.

चौघांनी तिला काढलं. गमबूट आतच राहिला. मी तिच्या पाठीखाली हात घातला तेव्हा ती थरथरत होती, आणि मला वाटलं मी थरथरतोय. मग कळलं की दोघंही.

“दोनदा ओरडले,” ती म्हणाली. “मग म्हटलं, दम कशाला घालवायचा, वर तुमचा बाजा चालू आहे. बिल्ला आत आहे ना, ससोबा येईल.”

मी तिच्या हातातला विळा घेतला.

“मी आले तेव्हा बिल्ला आधीच आत लावलेला. म्हटलं, बघा, सकाळी नाही म्हणाले तरी पोराला माहीत होतं मी येणार. आठवणीने लावून ठेवला.” बोलताना दात वाजत होते. “उजवी बाजू रिकामी झाल्याशिवाय पाणी सुटत नाही, हे तूच जेवताना शंभरदा सांगितलंस. म्हणून पाणी आलं तेव्हा एकदम भ्यायलेच मी. म्हटलं, माझ्या पोराला वर काहीतरी झालंय.”

बाकीच्यांनी तिन्ही फाटे धुंडाळले; आत आणखी कोणी नव्हतं. बाहेर आलो तेव्हा माइक पुन्हा सुरू झाला होता. साहेब सांगत होते, की आपण सर्वांनी आत्ता जे पाहिलं ते समितीचं आपत्कालीन सुरक्षा प्रात्यक्षिक होतं आणि ते पूर्णपणे यशस्वी झालं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी चादरीत गुंडाळलेल्या आत्याशी हस्तांदोलन केलं आणि आपला अभिनय फार नैसर्गिक होता असं सांगितलं. आत्याने त्यांना विचारलं, तुम्ही कोण.

अहवाल साहेबांनी स्वतः लिहिला. एकूण सहभाग: एकशे एक. सोबत फोटो. मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं नाही, आणि यापुढे फलकाची जबाबदारी शिपायाकडे राहील एवढंच सांगितलं. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरून म्हणालो, की अहवालात सव्वीस लिहायला हवं. ते म्हणाले, कागद गेला. मग मीही एक कागद लिहिला आणि पाठवला. त्याचं काय होईल या भीतीने सध्या माझी झोप गेलेली आहे, पण जिन्याच्या भीतीपेक्षा ती बरी आहे.

आत्याला कोणी काय सांगितलं, मला माहीत नाही. सव्वीस तोंडं होती, त्यांतलं एखादं तरी बोललं असणार. मी सांगायचं ठरवून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि गुडघ्याला मलम लावून परत आलो.

पुढच्या रविवारी पाच नाही, अकरा जण आले. त्यांत आत्याही होती, काठी टेकत. मी म्हणालो, आज राहू दे. तिने ऐकलं नाही. फलकापाशी मी नकळत हात पुढे केला, तिचा बिल्ला काढून द्यायला, तर तिने माझ्या मनगटावर विळ्याची मूठ हळूच टेकवली.

“राहू दे. माझा मी लावते.”

तिने अठ्ठावन्न नंबर उजवीकडे लावला, नीट बसला का बघितलं, आणि वर रंगवलेलं ते वाक्य सावकाश वाचलं. मग खोक्यावरचं स्टूल ओढून फलकासमोर ठेवलं.

“ससोबा, इथे बस. मी येईपर्यंत उठायचं नाही. साहेब आले तरी.”

ती गेली. चार पावलांवर दिसेनाशी झाली. शिपाई आला, फलकाची जबाबदारी माझी आहे म्हणाला. मी म्हणालो, असू दे. उजवीकडे अकरा बिल्ले होते आणि मामाची एक विडी. मी त्या अठ्ठावन्न नंबरकडे बघत बसलो. वारा आला की तो खिळ्यावर जरा हलायचा, आणि तो हलला की मी उठून उभा राहायचो.